कानोसा

मॉन्ट्रियल. एक्याऐंशीचा फेब्रुवारी.
ओंतारियो रस्त्यावरच्या तळघरात
मी सिनेमाला आवाज पुरवते.
नायिकेच्या टाचा माझ्या,
कुणाचं मनगट मोडलं तर सेलरीची जुडी माझी,
बर्फ तुडवला तर मोज्यात भरलेलं कॉर्नफ्लॉवर.

यावेळचा सिनेमा मनकवड्यांचा.
सरकारी प्रयोगशाळेतून पळालेली सात माणसं,
समोरच्याच्या डोक्यात न विचारता शिरणारी.
तिसऱ्या रिळात, इस्पितळाच्या बोळात,
त्यांच्यातला एक पहारेकऱ्याकडे नुसता बघतो
आणि पहारेकरी किल्ली काढून देतो,
नाकातून रक्त, ओठांवर हसू.
बंदूक नाही. दार नाही. वारासुद्धा नाही.
लॉक्रिजसाहेब म्हणाले, "गिलेन, इथे मला
मनात पाऊल पडल्याचा आवाज हवाय.
शुक्रवारपर्यंत."

कोबी पिळला. ओलं चामडं काचेवर ओढलं.
बाटलीत कोंडलेली माशी, उलटं फिरवलेलं व्हायोलिन,
दाताच्या डॉक्टरकडून मागून आणलेलं ड्रिल.
साहेबांचं प्रत्येकाला एकच:
"हा बाहेरचा आहे."

घरी पपा.
अदेलार गान्यों, सां-मोरिस नदीवर चाळीस वसंत
ओंडक्यांवर उभं राहून ओंडके हाकणारे.
शिव्यांची अशी श्रीमंती
की समोरून पाद्री आला तर रस्ता बदलायचा.
नोव्हेंबरात डोक्यात एक शीर फुटली.
सगळं वाहून गेलं, काठाला एकच शब्द लागला:
मार्दी. मंगळवार.
भूक लागली, मंगळवार.
खिडकी लाव, मंगळवार.
आईच्या फोटोकडे बघून, फार हळू,
मंगळवार.

पण त्या शब्दाच्या आधी ते श्वास घेतात.
अख्ख्या वाक्याचा श्वास,
कर्ता, कर्म, शिवी, सगळं मावेल एवढा.
तो छातीत थांबतो. जीभ टाळूला लागते, सुटते.
मग आत काहीतरी कूस बदलतं,
मार्चमध्ये नदी बर्फाखालून सरकते तसं,
वरून सगळं पांढरं, जागच्या जागी.

गुरुवारी रात्री मी पावाच्या टोपलीमागे माइक ठेवला.
विचारलं, "पपा, आईला पहिल्यांदा कुठे पाहिलंत?"
मला उत्तर नको होतं.
लिहायलाच हवं म्हणून लिहिते,
मला उत्तर नकोच होतं.
अकरा वेळा विचारलं, फिरवून फिरवून.
अकरा श्वास, अकरा मंगळवार.
बाराव्यांदा त्यांनी चमचा खाली ठेवला
आणि टोपली हळूच बाजूला सरकवली.

मंगळवार कापून टाकले. श्वास ठेवले,
एकावर एक, वेग निम्मा.
साहेबांनी बराच वेळ हेडफोन काढला नाही.
मग, दाराकडे बघत, "कशापासून केलास?"
म्हटलं, चामडं.

पुढल्या जानेवारीत पपांना घेऊन गेले.
का, ते अजून ठरत नाही.
तिसरं रीळ. बोळ. तो बघतो,
आणि आख्खं थिएटर एकदम मागे रेलतं,
पुढच्या रांगेतली मुलगी कानांवर हात ठेवते
जणू आवाज कानांतून येतोय.
पपा हलले नाहीत.
पडद्यावरचा श्वास संपला तेव्हा
माझ्या शेजारी, अंधारात, तोच सुरू झाला,
आणि माझ्या गुडघ्यावर ओंडके हाकणारा तो हात.
"मार्दी," ते म्हणाले.

रागाने? की ओळख पटली म्हणून?
की तेव्हाचं उत्तर, आईचं, त्या पहिल्या दिवसाचं?
पडद्यावर सात मनकवडे,
एकालाही खाली उतरून सांगता येईना.

बाहेर उणे एकवीस.
बसथांब्यावर दोन पोरं हुज्जत घालत होती.
यंत्राचा आवाज तो, एक म्हणाला.
कसलं यंत्र, जनावर आहे कुठलं तरी, दुसरा.
पपा त्यांच्याकडे वळले,
मफलर हनुवटीखाली ओढला,
छाती भरून श्वास घेतला.
पोरं गप्प झाली.
मीही.