दम

जानेवारीच्या उन्हात सतरा जण आले होते.
नवे बूट, नव्या बाटल्या,
काहींवर किमतीचं लेबल अजून तसंच.
वाल्पाराइसोच्या जिन्यांवरून
आरंभशूरांची वरात निघाली होती
आणि मी पुढे शिट्टी घेऊन.

मार्चमध्ये सहा उरले.
त्या सहांत दोन एलेउतेरिओ असतील
असं मला मुळीच वाटलं नव्हतं.

वय एकाहत्तर, साखर वाढलेली.
बंदरावर चाळीस वर्षं क्रेन चालवली,
म्हणजे चाळीस वर्षं बसून
जगाचं ओझं उचललं.

अर्जात मी एक रकाना ठेवते : ध्येय.
बाकीच्यांनी लिहिलं, बारा किलो. कंबर. बहिणीचं लग्न.
त्यांनी लिहिलं, डॉक्टरीणबाईंना विचारा.

रोज सकाळी मी सगळ्यांना संदेश पाठवायची,
उगवता सूर्य, खाली एक जोरकस वाक्य.
त्यांचं एकदाच उत्तर आलं :
यानिरा, सूर्य मला खिडकीतून दिसतो.

मे महिन्यात समुद्रावरून धुकं चढून आलं
आणि ते यायचे थांबले.
पहिल्या आठवड्यात मी फोन केला.
दुसऱ्या आठवड्यात दम दिला.
तिसऱ्या आठवड्यात मलाच लाज वाटली
आणि मी त्यांच्या घराचा जिना चढले.
एकशे बासष्ट पायऱ्या.
मी, शिकवणारी,
वर पोचले तेव्हा मला बोलता येईना.

खाली गॅसवाल्याची गाडी आली,
पान्ह्याने सिलिंडर ठणाणा वाजवत.
शेजारचा पोरगा, नेल्सोन,
खांद्यावर सिलिंडर घेऊन धावत वर आला,
नाणं खिशात टाकलं, म्हणाला,
आजोबा, तुम्ही बसा.

दोन एलेउतेरिओंनी त्याच्याकडे पाहिलं नाही.
सिलिंडरकडे पाहिलं.

मी रकान्यातलं डॉक्टरीणबाईंचं नाव खोडलं.

लहान सिलिंडर घ्यायचं ठरलं, पाच किलोचा.
पण आधी रिकाम्या हातांनी.
मग कांद्यांची पिशवी. मग रिकामा सिलिंडर,
मांजरासारखा पोटाशी धरून.
वहीत मी वजन लिहिणं सोडलं,
ते कुठे थांबले तेवढं लिहीत गेले :
निळं दार.
निळं दार.
झोपलेला कुत्रा, म्हणजे निळ्या दाराच्या पुढे नऊ.
आले नाहीत, गुडघा.
आले, रागावलेले.
फुटकी पायरी, जिच्यावर कुणीतरी मासा रंगवलाय.

आपली पायरी ओळखून असावं, म्हणतात.
त्यांनी एकेक करून
शंभराच्या वर ओळखल्या.

दम लागला की माणसं लाजतात,
बुटाची नाडी बांधायचं सोंग करतात,
समुद्र पाहत उभी राहतात.
समुद्र काय, कुणाच्याही मदतीला येतो.
मी आता शिट्टी घरी ठेवते.
उसन्या अवसानाची मुदत माझ्या अनुभवाने
चार दिवस, फार तर पाच.
मी फक्त एक पायरी खाली चालते
आणि म्हणते, दम खा.
खाऊन झाला की सांगा.

सप्टेंबरात एका गुरुवारी गाडी आली.
त्यांनी भरलेला सिलिंडर उचलला.
निळं दार मागे पडलं, कुत्रा उठून बाजूला झाला,
माशावर ते थांबले, पण उभ्यानेच.
एकशे एकतिसाव्या पायरीवर
सिलिंडर खाली ठेवून त्यावरच बसले.
वरून नेल्सोन धावत आला, हात पुढे केला.
ते म्हणाले, पोरा, तू बस.

तो खरंच बसला.
तिघांनी मिळून एक संत्रं खाल्लं.
उरलेल्या एकतीस पायऱ्यांना
वीस मिनिटं लागली.

पुढच्या सोमवारी ते आले नाहीत.
मी चढून गेले.
किटली शिट्टी घालत होती,
खिडकीत पाय पसरून ते चहा पीत होते.
गॅस आहे ना, म्हणाले, भरपूर आहे.

लहान सिलिंडर, एकट्या माणसाला
महिनाभर पुरतो.
तोवर काहीतरी शोधायला हवं.
मी कप घेतला, त्यांच्या शेजारी बसले
आणि घरभर नजर फिरवू लागले,
इथे आणखी काय जड आहे.