वीस मिनिटं

रिपोर्टात मी बरी आहे.
डावा हात खांद्याच्या वर जातो,
पाय ओढत नाही, जीभ वळते,
बँकेत 'कोकिळाबाई छबू बडगुजर' अशी सही करते,
पूर्वीइतकीच वाकडी.
गल्लीतल्या बाया म्हणतात, नशीब तुझं.
खरंच आहे. समोरचा लोटन
त्याच महिन्यात असल्याच झटक्यात गेला.

पण वेणी घालताना
दोन पेड माझे असतात,
तिसरा कुणाचा तरी.
ही झोप नाही. झोप असती तर झोपले असते.
लाकडं सुकी आहेत, चूल पेटलेली आहे,
आणि खापर तापतच नाही,
असं काहीतरी.

मोठा म्हणतो, "माय, तू मनावर घे."
मनावर घ्यायलासुद्धा हात लागतात रे.

ह्याच हातांनी एकेका लग्नात
दीडशे मांडे टाकलेत मी.
सैल कणीक, पोटात पुरण,
पंजावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत
झुलवत झुलवत वाढवायचा
आणि पालथ्या खापरावर असा सोडायचा
की सुरकुती नको.
पारोळ्यापासून शिरपूरपर्यंत लोक
आधी माझी तारीख विचारायचे,
मग भटजीकडे जायचे.

धुळ्याला गल्ली नंबर चार, वरचा मजला.
थकव्याच्या दवाखान्याला पंधरा पायऱ्या!
उज्वला म्हणाली, चिनी इलाज आहे, सुया टोचतात.
ललवाणी डॉक्टरीण म्हणाली,
"थकवा जाईलच असं लिहून देत नाही मी.
गोळ्या बंद करायच्या नाहीत.
आठ वेळा या, मग दोघी मिळून बघू."
मला तिचं 'दोघी' आवडलं.

केसासारख्या सुया.
एक गुडघ्याखाली, एक मनगटाच्या आत,
एक अंगठ्याच्या बेचक्यात,
एक टाळूवर, आई तेल जिरवायची तिथे.
"कसं वाटी ऱ्हायनं मावशी?" मदतनीस पोरीनं विचारलं.
"मुंगी चावनी," मी म्हटलं.
मग तिथं जड झालं,
ओलं फडकं ठेवल्यासारखं.
"आता वीस मिनिटं हलायचं नाही."

हलायचं नाही!
वर्षभरात पहिल्यांदा
कुणी मला ऊठ म्हणत नव्हतं.
चाल, चेंडू दाब, जिना चढ, हिंमत धर,
काहीच नाही.
पंख्याच्या पात्यांवर धूळ होती.
खाली कुणीतरी भरताच्या वांग्यांवरून भांडत होतं.
मी पडून होते, आणि पडून राहणं
हेच काम होतं,
आणि ते मी चोख करत होते.

परतीच्या एस.टी.त रडले.
उज्वलाला वाटलं, सुया लागल्या.

आठ झाल्या. मग आणखी चार.
सुयांनी झालं, की दिवसांनी,
की मी दुपारची बिनलाजेनं निजू लागले त्यानं,
डॉक्टरणीला ठाऊक नाही, मलाही नाही.
एवढंच की तिसरा पेड आता माझा असतो,
रोज नाही,
सोमवारी नव्हता.

आखाजीला उज्वलानं खापर मांडलं.
मी एक गोळा घेतला.
मनगटापर्यंत ठीक.
कोपराशी डावा हात खाली आला,
मांडा मधोमध फाटला,
घरभर जळक्या गुळाचा वास.
कुणी काही बोललं नाही,
म्हणून मीच बोलले,
"बाकीचे तू टाक. मी वीस मिनिटं पडते."

आणि आडवी झाले ओसरीवर,
आखाजीच्या दिवशी, भर दुपारी,
जावयासमोर.
आतून ओल्या कणकेचा चर्र आवाज,
एक, मग लगेच दुसरा.
हात घाई करतोय तिचा.
सांगेन, उठल्यावर.