फास्ट

धक्क्यावर दोराला शेवटचा पीळ देत
हेडली म्हणतो, फास्ट.
म्हणजे घट्ट. आता होडी हलायची नाही.

नातू मोटरसायकल उडवत गेला
तेव्हाही तो हेच ओरडला होता.

ग्रिम्सबीतल्या या घरात घड्याळही फास्ट, सात मिनिटं.
मुलाचा निळा स्वेटरही:
म्युरिएल नऊ वर्षं धुतेय, रंग जात नाही.
लेंटमध्ये ती जेवत नाही, तेही फास्टच.
आणि समुद्राच्या तळाशी तो झोपलाय, फास्ट,
हाकेला ओ न देता.

पळणं आणि न हलणं
एकाच शब्दात कसं नांदतं?
मी भाडेकरू. विचारत नाही.

सकाळी ती चार बश्या मांडते.
आम्ही तिघं.
ब्रेकफास्ट, म्हणजे काहीतरी मोडायचं असतं.
हेडली अंड्याचं कवच फोडतो.
ती चौथी बशी
पुसून परत ठेवते.