वरूडला, पेटीगोदामात

एकतीस जण होतो. मोजले होते मीच,
तिकिटं म्हणून संत्र्याच्या पेट्यांची लेबलं
मीच फाडून दिली होती दारात.

गोदाम बोंडेंचं. तणसाचा वास, सुतळी,
आणि मंडपवाल्याकडून मागून आणलेला एकच लाल दिवा.
ड्रमवर उईके, दिवसा ट्रॉल्या वेल्डिंग करतो.
गळा तेजस निखाडेचा. तो घरी
चहासुद्धा हळूच मागतो.

पहिला घाव पडला
आणि पत्रे थरथरले, पारवे उडाले आढ्यावरून.
बरगड्यांच्या आत कोणीतरी
दोन्ही पायांनी मळणी करू लागलं.
"शब्द समजते काय बे?" वाल्मीक कानात ओरडला.
मी मान हलवली.
हो की नाही, ते आता आठवत नाही.

मग लाईन गेली.
अँप मेले. गिटार नुसती
माचिसच्या डबीसारखी खुडखुडली.
उईके थांबला नाही.
तेजसनं माईक टाकला
आणि उघड्या गळ्यानं ओरडत राहिला तेच, तेच,
तसे आम्ही अंधारात
रिकाम्या पेट्या उपड्या करून बडवू लागलो.
फळ्यांची कुसळं हातात घुसली.

कोणीतरी दाराशी ट्रॅक्टर आणून हेडलाइट लावले.
धूळ दिसली, धुळीत माणसं,
आणि रखवालदार गोमाजी,
मफलर सुटलेला, मान गदगदा हलवत.

सकाळी लिलावात अडत्याचे
फक्त ओठ दिसले मला.
हजाराला गेली की बाराशेला, कोण जाणे.
मी हो म्हटलं.

एक कुसळ अजून आहे तळहातात.
काढत नाही.