मीठ

शारजात आमच्या लिफ्टला तिन्ही बाजूंनी आरसे आहेत.
मी मधे उभा राहतो, बाजारच्या पिशव्या पसरून,
जमेल तेवढा रुंद.

डॉक्टर समीरा म्हणाल्या, विचारू नका.
ताटाकडे बघू नका. नुसते बसा.
पण मला दुसरं काही विचारताच येत नाही कुणाला.
जेवलीस का?
आमच्याकडे एवढ्यावरच भागते सगळी माया.

तर बसतो. साइटवरचं सांगतो,
क्रेनवर घरटं बांधणारं कबुतर,
शौकतभाईंचा बिर्याणीत हरवलेला दात.
ऋजुता खुबूसचा तुकडा
बोटांत फिरवते, फिरवत राहते.
अजान होते, संपते.
खाली कुणीतरी करक चहासाठी
गाडीतूनच हॉर्न वाजवत बसलेलं.

परवा चिपळूणहून ताईचा व्हिडिओ कॉल:
"अगंबाई, तब्येत सुधारली हो!"
पोरगी मिटली ती दोन दिवस.
मी ताईवर ओरडलो.
मग आठवलं,
दहावीच्या सुट्टीनंतर, एअरपोर्टवर,
"वा, काय बारीक झालीस!" म्हणणारा
मीच होतो. ट्रॉली ढकलत. हसत.

आज सुनेत्राची रात्रपाळी,
म्हणून आमटी माझ्या हातची.
चमचा एकदा वर गेला.
मी खिडकीतून खाडीतली गलबतं मोजत होतो,
सात, आठ, पुन्हा सात.

"बाबा, मीठच नाहीये यात."

उठलो.
बरणी ओट्यावर समोरच होती.
तरी सापडायला
बराच वेळ लागला.