पहिलं पाणी

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी
फळ्यावर त्यांचं नाव कुणीतरी चुकीचं लिहिलं होतं.
बाईंनी खडू घेतला, एक अक्षर पुसलं, नीट केलं,
मग केक कापला.

मी तिथे काचा धुतो. नैरोबीत, तीस वर्षं.
बीकर, नरसाळी, लांब मानेचे चंबू.
शास्त्रातलं मला विचारू नका,
बाईंबद्दल विचारा.

नांजाला म्हणजे उपासमारीच्या दिवसांत जन्मलेली.
हे त्यांनीच सांगितलं एकदा, भट्टी तापायची वाट बघताना.
त्या वर्षी एल्गॉनच्या उतारावर मका संपला होता
आणि घरोघर हिवताप.
माकोखा वैदूनं कसलीशी साल उकळून दिली,
थोरला भाऊ उठून बसला.
मधल्यापर्यंत साल पोचली नाही.
एवढं बोलून बाई भट्टीचा काटा बघायला गेल्या.

एकतिसाव्या वर्षी, परदेशातून शिकून,
त्या पोतं घेऊन माकोखाच्या दारात बसल्या. दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी म्हातारा बोलला.
झाडाची उंची, माती, तारीख, सालीचा रंग
सगळं वहीत उतरलं, शाईनं.
उरलेलं त्याचं बोलणं समासात, पेन्सिलीनं.

मग दळणं, भिजवणं, गाळणं, आटवणं.
साठ नळ्या. सातव्या नळीतल्या थेंबानं
काचेखालचे हिवतापाचे जंतू मेले, सगळे.
त्या रात्री बाई धुण्याच्या खोलीत आल्या
आणि माझा साबणाचा हात हातात घेऊन
कितीतरी वेळ नुसत्या हलवत राहिल्या.

स्वित्झर्लंडची माणसं आली. पैसा आला.
उंदीर आले.
नवव्या दिवशी उंदरांची यकृतं
जुन्या कागदासारखी पिवळी.
पत्र आलं दोन ओळींचं,
त्यातली एक ओळ शुभेच्छांची.

पुढची अकरा वर्षं मी कशी सांगू?
बाई त्या रेणूला इथे चिमटा काढत, तिथे शेपूट जोडत.
विष जाईना. जायचा तो गुणच जाई.
विद्यार्थी एकेक करून बँकेत लागले.

एका संध्याकाळी त्या माझ्या दारात उभ्या.
मी चंबू विसळत होतो.
"किलोन्झो, पहिलं पाणी का ओततोस?"
मी म्हटलं, बाई, सगळी घाण त्यातच असते, ते कोण ठेवील?
त्या काही बोलल्या नाहीत.
त्यांच्या खोलीतला दिवा पहाटेपर्यंत जळत होता.

सकाळी टेबलावर वही उघडी.
समासात, पुसट, बुकुसू भाषेत:
पहिला उकळा वाटेवर फेकावा, कोंबड्या फिरकत नाहीत तिथे.
आणि त्याखाली त्यांचंच, एकतीस वर्षांचं, ठाम अक्षर:
अंधश्रद्धा. वगळावे.

दुसऱ्या उकळ्यावरचे उंदीर चाळिसाव्या दिवशीही
पिंजऱ्याच्या तारा कुरतडत होते.

औषध झालं का, विचाराल. नाही झालं.
औषध फार लांबची गोष्ट, असं बाईच म्हणतात.
माकोखा तोवर गेला होता,
झाड कुणाच्या तरी कोळशाच्या भट्टीत गेलं होतं.
निबंधावर बाईंनी त्याचं नाव पहिलं टाकलं.
छापणाऱ्यांनी विचारलं, यांची संस्था कोणती?
बाईंनी कळवलं: ओढ्याच्या वरची बाजू.
ते छापलं नाही. नाव छापलं.

एक रोप मात्र मिळालं, भावाच्या बांधावर उगवलेलं.
रंगाच्या रिकाम्या पिंपात, मागच्या अंगणात आहे.
साल काढण्याजोगं व्हायला बारा वर्षं.
बाई साठीच्या. हिशेब त्यांनी माझ्यादेखत केला,
बोटांवर, आणि बोटं मिटली.

दर गुरुवारी येतात, पानं मोजतात,
माझ्याशी पावसापाण्याचं बोलतात, जातात.
रोज पाणी मी घालतो.
नळाचं. धुण्यातलं नाही.