अकरा दिवस

सकाळी साडेआठला माझा हात अजून
काहीतरी ओतायला उठतो.
पाथर्डी फाट्यावरचा तिसरा मजला,
हातात चहाचं गाळणं,
आणि मी आतल्या आत म्हणतो :
सादडपाडा. शून्य.

सुरगाण्याच्या पल्याड, जिथं रस्ता
एका फरशीपुलापाशी विचार बदलून गुजरातेत उतरतो,
तिथं सात वर्षं माझं काम एवढंच :
पत्र्याच्या नळकांड्यातलं पाणी काचेच्या मापात घ्यायचं,
डोळा रेषेवर आणायचा
आणि वायरलेसवर ओरडायचं.
सादडपाडा. एकशे बारा.
पलीकडून खरखर. पुन्हा सांगा.
एक, एक, दोन! एक, एक, दोन!
खालच्या उतारावर शेळ्या दचकायच्या.

मी निफाडकडचा, पाटाच्या पाण्यावर वाढलेला.
पहिल्याच आठवड्यात बदलीचा अर्ज लिहिला, दुसऱ्यात पुन्हा.
तिसऱ्याची अक्षरं भिजून पसरली
आणि मग नाद सोडला.
कागद मिळत नव्हता असं नाही.
कोरडा मिळत नव्हता.

खोटं कशाला बोलू, आवडायचं नाही मला तिथं.
गादीला बुरशी, मिठाचं पाणी,
काडेपेटी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलेली.
येवाजी थविलच्या घरची नागलीची भाकर घशात अडायची.
दिवेलागणीनंतर मी पगाराचा हिशेब मोठ्यानं बोलायचो,
एक तरी आवाज ओळखीचा असावा म्हणून.

एका श्रावणात माप फुटलं.
माझ्याच हातून. शेवाळावर पाय सरकला.
पूल पाण्याखाली, मुक्कामी गाडी बंद,
नवं माप येणार कुठून?
पायरीवर बसून काचा वेचत होतो,
तशी शेजारची मंगी भोये आली, डोक्यावर इरलं.
काय झालं, विचारलंसुद्धा नाही.
आपल्या अंगणातल्या दगडी उखळात हात बुडवला
आणि म्हणाली,
चार बोटं. वर एक पेर.

रोज रात्री निजण्याआधी ती उखळ उपसायची,
रोज सकाळी बोटं बुडवायची.
कुणाला कळवायला, हे मी तिला
सात वर्षांत विचारलं नाही.

मिलिमीटर किती झाले गं, मंगी?
ती हसली.
बोट माझं, पाणी त्याचं. तुझं काय ते तू लिही.

अकरा दिवस ती बोटं सांगत गेली,
मी पट्टी लावून आकडे करत गेलो,
उखळाचं पोट खाली निमुळतं, हेही धरून.
सरकारी वहीत ते अकरा आकडे आहेत,
बाकीच्यांसारखेच, निळ्या शाईत.
शेऱ्याचा रकाना कोरा.
नवं माप आलं त्या दिवशी दोन्ही ताडून पाहिलं.
फरक किती निघाला
ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आणि चैत्रात
तीच मंगी, नाल्याच्या तळाशी, खड्ड्यात उतरून,
झऱ्याला वाटी टेकवून बसलेली.
एक वाटी भरेपर्यंत
पाठीवरचं पोर झोपून पुन्हा जागं होई.
मी वरच्या वाटेनं चाललो होतो, काखेत नोंदवही.
तिनं मान वर केली.
थट्टेनं नाही, खरंच विचारलं :
भाऊ, तू लिहिलेलं पाणी
ठेवलंय कुठं?

पुढे बदली झाली, न मागता.
येवाजीनं ट्रंक पुलापर्यंत आणून दिली
आणि थांबला नाही, त्याची लावणी चालू होती.

आता मोबाइल सांगतो किती पडला, किती पडेल.
मी ऐकून घेतो.
रात्री गॅलरीच्या कठड्यालगत स्टीलचं पातेलं ठेवतो,
सकाळी सून उठायच्या आत
हात बुडवून बघतो.
तीन बोटं. कधी साडेतीन.
माझी बोटं मंगीच्या बोटांहून जाड आहेत.
एक पेर वजा करतो.